पिंपातली वाईन, उभं गवत: आगाऊ सौद्यांचा इतिहास वाचताना

माझ्या पीएचडीच्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य होतं: 'माल तयार होण्याआधी केलेली खरेदी ही उत्पादक आणि खरेदीदार यांनी जोखीम वाटून घेण्याची पद्धत होय.' मला ते वाक्य फार आवडलं होतं. मॅडमनी त्याच्याखाली पेन्सिलने रेघ मारली आणि समासात तीनच शब्द लिहिले: 'थांबू कोण शकतं?' पान परत आलं तेव्हा मला वाटलं, मॅडमचा काहीतरी गैरसमज झालाय. आठवडाभराने कळलं की माझाच झाला होता.

तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेटची तयारी करताय, काही जण सिनॉप्सिस लिहिताय. 'तुलनात्मक अभ्यास' हा शब्द आपण सगळेच शीर्षकात घालतो, कारण तो भारदस्त दिसतो. पण दोन गोष्टी दिसायला सारख्या आहेत म्हणून त्या एकच, असं मानलं की काय घोटाळा होतो, ते मी या पोस्टमध्ये दोन उदाहरणांवरून सांगणार आहे. एक फ्रान्समधलं, महागड्या लाल वाईनचं. दुसरं आपल्या पालघर-डहाणूचं, भाताचं आणि गवताचं. दोन्हीकडे माल हातात येण्याआधी विकला जातो.

आधी वाईन. (आपल्याकडे वाईन आता इतकी परकी राहिलेली नाही. नाशिकचं सोडाच, बोर्डीला चिकूपासून वाईन करणारी वायनरी आहे. पण इथे विषय द्राक्षाच्या वाईनचा आहे.)

फ्रान्सच्या नैऋत्येला बॉर्दो हे शहर आहे. आसपासच्या द्राक्षमळ्यांना तिकडे 'शातो' म्हणतात. द्राक्षं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडतात, रस आंबतो, आणि तयार झालेली कच्ची वाईन ओकच्या लाकडी पिंपांत भरून ठेवतात. एका पिंपात २२५ लिटर, म्हणजे साधारण ३०० बाटल्या. ती पिंपात दीड वर्ष किंवा थोडी जास्तच मुरते, मग बाटलीत भरली जाते. पण विक्री तोपर्यंत थांबत नाही. पुढच्या वसंतात, मार्चअखेर ते एप्रिलमध्ये, जगभरचे व्यापारी आणि समीक्षक बॉर्दोला जमतात, पिंपातून काढलेले नमुने चाखतात, गुण देतात. त्यानंतरच्या काही आठवड्यांत शातो आपापले भाव जाहीर करतात. ग्राहक पैसे आत्ता भरतो आणि बाटल्या त्याच्या हातात सुमारे दोन वर्षांनी पडतात. या पद्धतीला 'आँ प्रिमर' म्हणतात.

मी मूळचा केमिस्ट्रीचा. एमएस्सीनंतर वर्षभर तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या क्यूसी लॅबमध्ये होतो. रिअ‍ॅक्टर चालू असताना मधेच जो नमुना काढतात त्याला आम्ही इन-प्रोसेस सॅम्पल म्हणायचो. त्यावरून रिअ‍ॅक्शन कुठपर्यंत आली ते कळतं. पण त्या नमुन्यावर कोणी बॅच रिलीज करत नाही. रात्रपाळीत कोणी तसं केलं असतं तर सकाळी त्याची नोकरी गेली असती. म्हणून आँ प्रिमरबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हसलो होतो. सहा महिन्यांची वाईन अजून बदलतेय, टॅनिन कच्चे आहेत, लाकडाचा वास वर आलाय, वेगवेगळ्या जातींच्या द्राक्षांच्या वाईनचं अंतिम मिश्रणही कधी कधी ठरलेलं नसतं. वर नमुना कोण काढून देतं? विकणारा स्वतः! आणि त्यावर कोट्यवधी युरोंचे सौदे होतात.

पण हसून सोडून द्यायची गोष्ट नव्हती ती. एवढ्या कच्च्या माहितीवर माणसं सौदा का करतात, हा खरा संशोधनाचा प्रश्न. त्याचं उत्तर रसायनात सापडत नाही, इतिहासात सापडतं.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकात बॉर्दोमध्ये वाईन मुरवायचं काम शातोचं नव्हतंच. शहरात नदीकाठी शार्त्रों नावाचा भाग आहे, तिथे व्यापारी पेढ्यांची मोठमोठी तळघरं होती. पेढीवाले आयरिश, इंग्रज, डच, जर्मन असे बाहेरून आलेले. ते मळेवाल्याकडून कोवळी वाईन पिंपांसकट उचलायचे, आपल्या तळघरात मुरवायचे, आणि लंडन-अ‍ॅमस्टरडॅमला पाठवायचे. मधे दलाल असायचा. दलाल मळ्यात जाऊन चव बघायचा, भाव जुळवायचा, वहीत नोंद करायचा. तास्ते-लॉतों नावाची दलालांची पेढी १७४० पासूनची आहे, आणि तिच्या जुन्या नोंदी इतिहासकारांनी भावांचा अभ्यास करायला वापरल्या आहेत. १८५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बॉर्दोच्या मळ्यांची पाच पायऱ्यांची जी प्रसिद्ध यादी तयार झाली, ती या दलालांनीच केली. निकष काय होता? मुख्यतः भाव. कोणत्या मळ्याची वाईन वर्षानुवर्षं कितीला गेली, ते त्यांच्या वहीत होतं.

म्हणजे बघा, पिंपातली वाईन विकणं ही गुंतवणूकदारांसाठी काढलेली आधुनिक क्लृप्ती नाही. मळेवाल्याकडे तळघर नव्हतं, भांडवल नव्हतं, लंडनचा पत्ता नव्हता, म्हणून तो लवकर विकायचा. दिवस वाईट आले की आणखी लवकर विकायचा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फिलोक्सेरा नावाच्या किडीने वेलींची मुळं खाल्ली, त्यात बुरशीचे रोग आले. अशा काळात तोडणीच्या आधी, वेलीवर असलेल्या द्राक्षांची वाईनच विकून टाकायची पद्धत दिसते. फ्रेंच लोक त्याला 'खोडावरची' विक्री म्हणतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तर काही मळ्यांनी व्यापाऱ्यांशी अनेक वर्षांचे करार केले: पुढची इतकी वर्षं जी वाईन होईल ती याच ठरलेल्या भावाने तुमची. भाव पडले तर मळेवाला सुखी, चढले तर व्यापारी. माझं ते 'जोखीम वाटून घेण्या'चं वाक्य याच करारांवरून सुचलं होतं. आता मला त्यात दुसरंच दिसतं: मळेवाल्याला झोप हवी होती आणि ती विकत घ्यायला त्याच्याकडे फक्त वाईन होती.

हे चित्र उलटलं कसं, ते जरा सावकाश बघू. १९२४ मध्ये मूताँ या मळ्याचा कारभार बघणारा तरुण फिलिप द रॉथशिल्ड याने ठरवलं की आपली सगळी वाईन आपल्याच आवारात बाटलीत भरायची. ऐकायला किरकोळ वाटतं. पण बाटली मळ्यात भरायची म्हणजे वाईन दोन वर्षं मळ्यातच ठेवायची, त्यासाठी गोदाम बांधायचं, आणि शार्त्रोंच्या तळघरांची सद्दी कमी करायची. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत वरच्या दर्जाच्या मळ्यांसाठी हा नियमच झाला. मग ऑक्टोबर १९७३ चं तेलसंकट आलं. बॉर्दोत त्याआधी भाव अवाच्या सवा चढलेले होते, १९७२ सालची बेताची वाईनही महाग गेली होती. बाजार कोसळला आणि ज्या पेढ्यांच्या तळघरात माल पडून होता त्या अडकल्या. काही बुडाल्या. उरलेल्यांकडे पूर्वीसारखा साठा धरून ठेवायची ताकद राहिली नाही.

आता वाईन मळ्यात, आणि ती मुरेपर्यंतचे पैसे कोणी घालायचे? इथे सामान्य ग्राहक आत आला. पूर्वी शातो आणि पेढी यांच्यातला जो सौदा होता तो पेढीने पुढे सरकवला, आयातदाराकडे, दुकानदाराकडे, शेवटी लंडन-न्यूयॉर्कच्या डॉक्टर-वकिलाकडे. १९८२ ची वाईन या बाबतीत कलाटणीची मानतात. रॉबर्ट पार्कर नावाचा अमेरिकन समीक्षक, तेव्हा फारसा प्रसिद्ध नसलेला, त्याने पिंपातल्या नमुन्यांवरूनच त्या वर्षाची तोंडभरून स्तुती केली. डॉलर तेव्हा वधारलेला होता. ज्यांनी त्या वेळी घेतलं त्यांच्या बाटल्यांचा भाव पुढे अनेक पटींनी वाढला, आणि 'पिंपात घ्या, स्वस्त पडतं' ही समजूत घट्ट झाली.

ती समजूत कायमची खरी ठरली नाही. २००९ आणि २०१० या दोन वर्षांच्या वाईन्स प्रचंड भावाने निघाल्या, चीनमधून मागणी होती. २०११ नंतर बाजार उतरला, आणि ज्यांनी दोन वर्षं आधी पैसे भरले होते त्यातल्या अनेकांना तीच बाटली नंतर दुकानात स्वस्तात दिसली. मधल्या व्यापाऱ्यांची गोची तर वेगळीच. या वर्षीचा कोटा नको म्हटलं तर पुढच्या चांगल्या वर्षी आपल्याला कोटा मिळेल का, ही धास्ती. म्हणून नको असलेला मालही उचलायचा. दीडशे वर्षांपूर्वी मळेवाला पेढीच्या दारात उभा असायचा, आता पेढी मळ्याच्या दारात.

२०१२ मध्ये लातूर (आपलं लातूर नव्हे, बॉर्दोमधला अव्वल पायरीचा मळा) या शातोने जाहीर केलं की यापुढे आम्ही पिंपातली वाईन विकणारच नाही, पिण्याजोगी झाली की बाजारात आणू. मालक फ्रान्सच्या सर्वात श्रीमंत माणसांपैकी एक. त्याला थांबणं परवडतं.

मॅडमचा समासातला प्रश्न मला इथे कळला. सौद्याचं रूप तेच: माल नंतर, पैसे आधी. पण १९०७ चा कर्जात बुडालेला मळेवाला, १९७४ ची साठ्याखाली दबलेली पेढी, १९८३ चा हौशी डॉक्टर आणि २०१२ चा लातूरचा मालक, या चौघांसाठी त्याचा अर्थ वेगवेगळा आहे. भाव कोण ठरवतं हे करारात लिहिलेलं नसतं. दोघांपैकी कोणाला घाई आहे, यावर ते ठरतं.

हे डोक्यात ठेवून आपण घरी येऊ.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. त्याआधी हा सगळा ठाणे जिल्ह्याचा भाग, म्हणून जुनी साधनं शोधताना 'पालघर' या नावावर अडून बसू नका, ठाणे शोधा. डोंगरपट्टीतले वारली, कोकणा, काथोडी, ठाकूर, मल्हार कोळी. पीक पावसावरचं एकच: भात, वर नाचणी आणि वरी. भात कार्तिकात घरात येतं आणि अनेक घरांत होळीच्या पुढे टिकत नाही. मग जंगल, मजुरी, आणि पाऊस सुरू झाला की तेही बंद. आषाढ ते भाद्रपद हे महिने खायचे काय? आणि नेमकं तेव्हाच शेतात सर्वात जास्त काम: नांगरणी, आवणी, बेणणी.

या महिन्यांत सावकाराकडून खाण्यासाठी धान्य आणायचं, त्याला खावटी म्हणतात. परतफेड भात झाल्यावर, भातातच. १९३० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारने डी. सिमिंग्टन या आयसीएस अधिकाऱ्याकडून आदिवासी भागांची पाहणी करवून घेतली. त्याच्या अहवालात खावटी आहे, वेठ आहे, लग्नासाठी कर्ज काढून नवराबायकोने सावकाराकडे राबायचं ती लग्नगडीची पद्धतही आहे. खावटीचा दर दीडपट, कधी दुप्पट. आपल्या भाषेत दिढी आणि दुणी.

गणित करून बघा. जुलैत एक मण भात घेतलं, नोव्हेंबरअखेर दीड मण दिलं. पाच महिन्यांत ५० टक्के, म्हणजे वर्षाला सरळ हिशेबाने १२० टक्के. पण एवढ्यावर थांबू नका, इथे खरी मेख आहे. जुलैत भात दुर्मिळ असतं, भाव चढा असतो. नोव्हेंबरात सगळ्यांचंच भात येतं, भाव पडलेला असतो. म्हणून मापात घेतलेलं कर्ज मापात फेडलं तर शेतकऱ्याचं थोडं कमी नुकसान होतं. तेच कर्ज सावकाराने जुलैच्या भावाने रुपयांत लिहून ठेवलं आणि वसुली नोव्हेंबरच्या भावाने भातात केली, तर दीडाचे दोन मण सहज होतात. वहीत कोणतं एकक लिहिलंय, ते म्हणूनच आधी बघायचं. बॉर्दोच्या भावांचंही असंच आहे. जुने भाव बाटलीचे नसतात, ९०० लिटरच्या 'तोनो'चे असतात. एकक चुकलं की तुमचा तक्ता कितीही सुबक असो, उपयोग शून्य.

खावटीची पुढची पायरी म्हणजे पालेमोड. उभं पीक किंवा उभं गवत हाती येण्याआधीच व्यापाऱ्याला पडत्या भावाने लावून द्यायचं आणि त्यापोटी पावसाळ्यात धान्य किंवा रोकड उचलायची. हा शब्द महाराष्ट्राच्या आदिवासी विकासाच्या सरकारी कागदपत्रांतही येतो. आता सांगा, 'खोडावरच्या' वाईनमध्ये आणि यात कागदावर फरक काय? दोन्हीकडे माल तयार नाही, पैसे आधी, भाव आधी ठरलेला, पीक बुडालं तर अडचण. माझ्या सिनॉप्सिसच्या वाक्यात दोन्ही आरामात बसत होते. म्हणून तर ते वाक्य निकामी होतं.

गवताचं थोडं सविस्तर सांगतो, कारण त्याच्याशिवाय या पट्ट्याचा इतिहास कळत नाही. १८६० च्या दशकात बीबीसीआय रेल्वे गुजरातेतून मुंबईपर्यंत आली. मुंबईत घोडे, म्हशींचे तबेले. त्यांना वैरण हवी. पालघर, बोईसर, डहाणू या पट्ट्यातलं गवत कापून, वाळवून, दाबून त्याच्या गासड्या बांधायच्या आणि वॅगनने मुंबईला पाठवायच्या, हा मोठा धंदा झाला. स्टेशनाजवळ गवताच्या वखारी उभ्या राहिल्या. जमिनी तोवर बऱ्याच अंशी सावकार-जमीनदारांच्या नावावर गेलेल्या, आणि कापणारे हात ज्यांची जमीन गेली त्यांचेच. पावसाळ्यात ज्याची खावटी खाल्ली त्याचं गवत दिवाळीच्या आसपास त्याच्या दराने कापायचं. म्हणजे इथे आगाऊ विकली गेलेली वस्तू गवत नव्हती, कापणाऱ्याचे दिवस होते.

१९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. शामराव आणि गोदावरी परुळेकर तिथून उंबरगाव-डहाणू भागात आले. २३ मे १९४५ ला झरी गावच्या सभेत वारल्यांनी वेठ करायची नाही असं ठरवलं. गोदावरीबाईंचं 'जेव्हा माणूस जागा होतो' तुम्ही वाचलं असेल, नसेल तर वाचाच. १९७० चं पुस्तक आहे, त्याला साहित्य अकादमी पुरस्कारही मिळाला. मी ते आधी चळवळीचा इतिहास म्हणून वाचलं होतं. मॅडमच्या प्रश्नानंतर पुन्हा वाचलं तेव्हा मी तारखा बघत बसलो.

वेठ बंद झाली मे-जूनमध्ये. मजुरीचा संप पुकारला तो ऑक्टोबरात, गवत कापणीच्या तोंडावर. मागणी होती ५०० पौंड गवताला अडीच रुपये. ऑक्टोबरच का? संपूर्ण पावसाळा घाई वारल्याला असते, चूल पेटत नसते. पाऊस गेला, हळवं भात कापणीला आलं, की काही आठवड्यांपुरता तराजू उलटा झुकतो. गवत पिकून उभं आहे, वेळेत कापलं नाही तर त्याचा कस जातो, मुंबईचा बाजार वाट बघतोय. आता घाई वखारवाल्याला. बॉर्दोत जे उलटायला शंभर वर्षं लागली ते इथे दर वर्षी काही आठवडे आपोआप उलटत होतं. फक्त एकेकट्या माणसाला त्याचा फायदा घेता येत नव्हता, कारण जुलैत पुन्हा त्याच दारात जायचंय हे त्याला माहीत होतं. सगळे मिळून थांबले तेव्हा तो घेता आला.

आणि त्याची किंमत मोजावी लागली. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाडा इथे जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण गेले. परुळेकरांना जिल्हाबंदी झाली. तरीही अनेक ठिकाणी मालकांना अडीच रुपयांचा दर द्यावा लागला.

इथे एक सावधगिरी. 'थांबण्याची ताकद' हे माझं वाचन आहे. ते चळवळीतल्या लोकांच्या शब्दांत लिहिलेलं नाही, त्यांच्या लेखी प्रश्न गुलामी मोडण्याचा होता. तुम्ही तुमच्या प्रबंधात असं वाचन करणार असाल तर दोन थर वेगळे ठेवा: लोकांनी काय म्हटलं, आणि तुम्ही त्यात काय बघताय. व्हायव्हात हा प्रश्न हमखास येतो.

स्वातंत्र्यानंतरचा भाग मी भरभर सांगतो. १९७२ मध्ये आदिवासी विकास महामंडळ निघालं. १९७६ मध्ये महाराष्ट्र आदिवासी आर्थिक स्थिती (सुधारणा) अधिनियम आला: आदिवासी भागात खाजगी सावकारीला मनाई, ठराविक मालाची खरेदी सरकारी यंत्रणेनेच करायची, ज्याला एकाधिकार खरेदी म्हणतात. त्याच वर्षी केंद्राचा वेठबिगारी विरोधातला कायदा झाला. पुढे सरकारने स्वतःच खावटी कर्ज द्यायला सुरुवात केली. म्हणजे शब्द सावकाराचाच ठेवला! सरकारी योजनेच्या नावात दडलेला हा इतिहास मला फार बोलका वाटतो. २०२० मध्ये कोविडच्या काळात कर्जाऐवजी खावटी अनुदान जाहीर झालं, कुटुंबामागे ४००० रुपये, अर्धे रोख आणि अर्धे वस्तूंच्या रूपात.

कायदा नीट वाचलात तर दिसेल की कर्त्यांनी दोन टोकं एकदम पकडायचा प्रयत्न केला होता. जुलैची भूक आणि नोव्हेंबरचा भाव, एकाच कायद्यात. कल्पना योग्यच होती, कारण त्यातलं एकच टोक पकडलं तर दुसरं सुटतं. हमीभाव कितीही चांगला असला तरी खरेदी केंद्र उघडायला किंवा पैसे खात्यात यायला महिना लागला, तर तो महिना ज्याला काढता येत नाही तो भात व्यापाऱ्याच्याच काट्यावर घालणार. आणि उचल? जव्हार, मोखाडा, विक्रमगडातून कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात. मालक किंवा मुकादम पावसाळ्याच्या शेवटी, सणासुदीला पैसे हातात ठेवतो, आणि दिवाळीनंतर ट्रक येतो. महिना बघा. पुन्हा तोच, भात हाती यायच्या आधीचा.

आता साधनांबद्दल, कारण तुमचं निम्मं आयुष्य यातच जाणार आहे. बॉर्दोचा इतिहास दलालांच्या वह्यांवर उभा आहे. विकणारा, घेणारा, मधला, तिघांकडेही कागद आहे. शातोचे हिशेब आहेत, पेढ्यांची पत्रं आहेत. पालघरमध्ये कागद बहुतेक एकाच बाजूचा: सावकाराची वही, खाली अंगठा. दुसरी बाजू शोधायची तर सिमिंग्टनसारखा अधिकारी, गोदावरीबाईंसारखी कार्यकर्ती, १८८२ चं ठाणे गॅझेटियर, म्हणजे प्रत्येक वेळी तिसराच कोणीतरी बोलतोय. याचा परिणाम असा होतो की वाईनच्या करारावर लिहिणारा अर्थशास्त्राच्या भाषेत लिहितो, जोखीम, परतावा, माहितीची विषमता. आणि खावटीवर लिहिणारा शोषणाच्या भाषेत. दोन्ही विषय कधी एका टेबलावर येत नाहीत. मला ते आणायचे होते, पण माझ्या पहिल्या प्रयत्नात मी पालघरला बॉर्दोचे कपडे चढवले.

मग मी सिनॉप्सिसमधलं वाक्य बदललं का? बदललं, तीनदा. जोखमीचा शब्द मी काढला नाही, कारण जोखीम खरीच असते. बॉर्दोच्या पेढीने १९७४ मध्ये ती भोगली, आणि पीक बुडालेल्या वर्षी सावकाराचंही धान्य अडकत असणारच. फक्त त्याच्या आधी मी एक नवा तक्ता घातला. प्रत्येक सौद्यासाठी चार रकाने: पैसे कोणत्या महिन्यात दिले, माल कोणत्या महिन्यात घेतला, त्या दोन महिन्यांत बाजारभाव काय होता, आणि मधल्या काळात कोणाकडे खायला काय होतं. बॉर्दोच्या ओळींत चौथा रकाना बहुतेक वेळा भरावाच लागत नाही. पालघरच्या ओळींत आधी तोच भरावा लागतो आणि तिथेच सगळ्यात जास्त वेळ जातो. पावसाचे आकडे काढा, आवणीच्या तारखा काढा, रोजगार हमीची कामं कधी बंद झाली ते बघा, म्हातारी माणसं कंदमुळांची नावं सांगतात ती लिहून घ्या. कडूकंद किती वेळा उकळून, रात्रभर पाण्यात ठेवून खायचा, हे ज्या घरात आजीला पाठ आहे त्या घराचा चौथा रकाना कसा भरायचा ते तुम्हाला कळेल.

मॅडमनी नवा मसुदा वाचला. या वेळी समासात दोनच शब्द होते: 'गवत वाढव.' सध्या रोज सकाळी सात-दहाच्या गाडीने बोईसरहून निघतो, दिवसभर रेल्वेच्या मालवाहतुकीच्या जुन्या अहवालांत वैरणीच्या ओळी शोधतो आणि संध्याकाळी परत येतो.